कोलकात्याचा जुलाबाचा वॉर्ड आणि परदेशी विद्यापीठ : संशोधनातली भागीदारी चालते कशी?

दोन विद्यापीठांत सामंजस्य करार झाला, कुलगुरूंनी फायलींची देवाणघेवाण केली, फोटो निघाला, अशा बातम्या वरचेवर येतात. त्यातले बरेच करार फोटोपुढे सरकत नाहीत. कॉलरा, टायफॉइड, हगवण, रोटाव्हायरस अशा आतड्यांच्या संसर्गावर काम करणाऱ्या काही भागीदाऱ्या मात्र वर्षानुवर्षं टिकल्या आणि त्यांतून लशी आणि तपासण्या तयार झाल्या. त्या का टिकल्या हे कराराचा मसुदा वाचून कळत नाही. त्यासाठी रुग्णाच्या शौचाच्या नमुन्यामागे जावं लागतं. तो कोण घेतं, किती वेळात कुठे पोचतो, कोणाच्या फ्रीझरमध्ये राहतो आणि दहा वर्षांनी तो पुन्हा बाहेर काढता येतो का, यावर भागीदारीचं खरं बळ ठरतं.

याचं चांगलं उदाहरण कोलकात्यात आहे. बेलियाघाटा भागात संसर्गजन्य रोगांचं मोठं सरकारी रुग्णालय आहे आणि त्याला लागूनच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था. १९६२ मध्ये ती कॉलरा संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली, १९७९ मध्ये तिचं नाव नायसेड (राष्ट्रीय कॉलरा आणि आंत्ररोग संस्था) झालं. अलीकडे ते पुन्हा बदललं आहे, पण इथे ओळखीचं जुनं नावच वापरू. १९९८ पासून जपानच्या जायका या परदेशांना विकासासाठी मदत करणाऱ्या सरकारी संस्थेमार्फत तिथे उपकरणं आणि प्रशिक्षण आलं आणि २००७ मध्ये जपानच्या ओकायामा विद्यापीठाने नायसेडच्या आवारातच स्वतःचं संशोधन केंद्र उघडलं. नमुने जपानला मागवत बसण्याऐवजी विद्यापीठाने आपली माणसं आणि यंत्रं रुग्णाजवळ आणून ठेवली. पुढचं बरंच काही या एका निर्णयामुळे सोपं झालं.

यात दोघांचीही गरज होती. जपानमध्ये कॉलराचे रुग्ण जवळपास नाहीतच. जे सापडतात त्यातले बरेचसे प्रवासातून संसर्ग घेऊन आलेले. आणि हा जंतू प्रयोगशाळेत पिढ्यान् पिढ्या वाढवत राहिलं की त्याचे काही गुण हरवतात. रोग कसा होतो हे शिकायचं तर कालपरवा माणसाच्या आतड्यातून निघालेला जंतू हवा. कोलकात्याकडे रुग्ण होते आणि कॉलरा ओळखण्याचा पिढ्यांचा अनुभव होता. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कॉलऱ्याच्या जंतूवरचं आपलं काम याच शहरात पूर्ण केलं. कॉलऱ्याचं विष जंतूपासून वेगळं असतं हे कोलकात्याचेच डॉक्टर शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये इथेच दाखवलं. सशाच्या आतड्याचा छोटा भाग दोन्ही बाजूंनी बांधून त्यांनी त्यात जंतू गाळून काढलेलं द्रव सोडलं आणि जंतू नसतानाही आतड्यात पाणी साठलं. म्हणजे बुद्धी बाहेरून आणावी लागत नव्हती. उणीव होती ती महागड्या उपकरणांची, जनुकीय तपासणीच्या सोयीची आणि सलग मिळणाऱ्या पैशाची.

आता वॉर्डात जाऊ. जुलाबाच्या प्रत्येक रुग्णाचा नमुना घेणं शक्य नसतं. पावसाळ्यात तर मुळीच नाही. म्हणून कोलकात्यात आठवड्यातले दोन दिवस चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले जात आणि त्या दिवशी दाखल होणाऱ्या दर पाचव्या रुग्णाचा नमुना घेतला जाई. यामागे पक्कं कारण आहे. डॉक्टरांना ‘वाटेल तो’ रुग्ण निवडू दिला तर हात आपोआप गंभीर रुग्णांकडे वळतो. मग कॉलऱ्याचं प्रमाण फुगतं आणि सौम्य जुलाब करणारे जंतू आकडेवारीतून गायब होतात. पाचवा म्हणजे पाचवाच, मग त्याचा त्रास किरकोळ का असेना. परदेशी भागीदाराच्या दृष्टीने या शिस्तीचं मोल एखाद्या यंत्रापेक्षा कमी नाही, कारण नमुना निवडताना झालेली चूक पुढे कितीही चांगल्या यंत्राने भरून निघत नाही.

नमुना अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घ्यायचा. एक डोस पोटात गेला तरी जंतू कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या माध्यमात, वाढेनासे होतात आणि अहवालात ‘काही सापडलं नाही’ असं येतं. मात्र नमुन्यासाठी सलाइन किंवा जलसंजीवनी एक मिनिटही थांबवायची नाही. तीव्र कॉलऱ्यात मोठ्या माणसाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. शौच तांदळाच्या धुवणासारखं पातळ असतं, म्हणून ते निर्जंतुक रबरी नळीने थेट झाकणाच्या निर्जंतुक बाटलीत घेतात. भांड्यातून उचललेल्या नमुन्यात जंतुनाशकाचा अंश असण्याची भीती असते आणि फिनेलचा थोडासा अंशही कल्चर बिघडवतो.

इथून घड्याळ सुरू होतं. नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोचला तर उत्तम. तेवढं जमणार नसेल तर कॅरी-ब्लेअर नावाच्या घट्टसर माध्यमात कापसाचा बोळा बुडवून पाठवतात. या माध्यमात जंतूंना खायला जवळपास काही नसतं, त्यामुळे ते जगतात पण एकमेकांवर कुरघोडी करत वाढत नाहीत. कॉलऱ्याचा जंतू त्यात साध्या खोलीच्या तापमानालाही दिवसचे दिवस टिकतो. शिगेला हा रक्ती हगवणीचा जंतू तसा नाही. तो फार नाजूक, त्याला थंडाव्यात ठेवून लवकरात लवकर पोचवावं लागतं. रोटाव्हायरससाठी कॅरी-ब्लेअर कामाचंच नाही, त्याला माध्यमात न बुडवलेलं शौच गोठवून हवं. अमिबा जिवंत, हलताना पाहायचा असेल तर पातळ शौच अर्ध्या-पाऊण तासात सूक्ष्मदर्शकाखाली गेलं पाहिजे. म्हणजे एकाच रुग्णाच्या नमुन्याचे सुरुवातीलाच तीन-चार वाटे करावे लागतात. ‘आमच्याकडे शिगेला फारसा नाही’ असा अहवाल देणाऱ्या अनेक ठिकाणी शिगेला असतो. तो वाटेत मेलेला असतो.

कॉलऱ्यासाठी नमुना आधी अल्कलाइन पेप्टोन वॉटरमध्ये घालतात. त्याचा पीएच साधारण ८.४ ते ८.६ असतो, जो कॉलऱ्याच्या जंतूला मानवतो आणि इतर बऱ्याच जंतूंना मानवत नाही. ३७ अंश सेल्सिअसला सहा ते आठ तास ठेवायचं. रात्रभर विसरून चालत नाही, कारण तेवढ्या वेळात बाकीचे जंतूही डोकं वर काढतात. मग नळी न हलवता, अगदी वरच्या पृष्ठभागावरून लूपभर (तारेच्या बारीक कडीत मावेल इतकं) द्रव उचलायचं. कॉलऱ्याचा जंतू हवेच्या ओढीने वर येऊन तरंगतो. नळी हलवली की ही सगळी सोय वाया गेली. ते टीसीबीएस नावाच्या हिरव्या रंगाच्या माध्यमावर ओढतात. दुसऱ्या दिवशी त्यावर पिवळ्या, चपट्या, दोन ते चार मिलिमीटरच्या वसाहती दिसल्या की संशय पक्का होत जातो. हिरवट वसाहती आल्या तर बहुधा मासळीतून होणाऱ्या जुलाबाचा भाऊबंद जंतू, व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस.

नवशिका हमखास चुकतो ते पुढच्या पायरीला. ऑक्सिडेज तपासणी (जंतूत एक ठरावीक विकर आहे का हे पाहणारी) थेट टीसीबीएसवरच्या पिवळ्या वसाहतीवर केली तर तिथल्या आम्लामुळे ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. वसाहत आधी साध्या न्यूट्रियंट अगारवर उतरवून रात्रभर वाढवायची, मगच ऑक्सिडेज आणि अँटिसीरमची (ठरावीक गटाच्या जंतूलाच चिकटणारी प्रतिपिंडं असलेल्या द्रवाची) तपासणी करायची. अँटिसीरमच्या थेंबात जंतूंच्या गुठळ्या झाल्या तर तो ओ१ गटाचा, आणि त्यातही ओगावा की इनाबा यांपैकी कोणता उपप्रकार हे ठरतं.

इथवरचं काम कोलकात्याच्या तंत्रज्ञांच्या डाव्या हातचा मळ आहे. मग परदेशी भागीदार लागतो कुठे? १९९२ च्या अखेरीस मद्रासकडे आणि पाठोपाठ कोलकात्यात आणि बांगलादेशात हुबेहूब कॉलऱ्यासारखी साथ आली. जंतू टीसीबीएसवर पिवळा, रुग्ण कोरडे पडताहेत, पण ओ१ च्या अँटिसीरमला प्रतिसाद शून्य. तोवर समज अशी होती की साथ फक्त ओ१ गट आणतो. या जंतूचे तेव्हा १३८ गट ज्ञात होते आणि त्या सगळ्यांची अँटिसीरम एका जागी जपून ठेवणाऱ्या मोजक्या प्रयोगशाळांपैकी एक टोकियोत होती. तिथे तपासल्यावर हा जंतू एकाही गटात बसेना. त्याला ओ१३९ हा नवा क्रमांक मिळाला आणि ‘बेंगॉल’ हे नाव. त्याच्याविरुद्धचं अँटिसीरम तयार झालं तेव्हा कुठे जिल्ह्याच्या पातळीवर तो ओळखता येऊ लागला. रुग्ण एकीकडे आणि जगभरचा जुना संग्रह दुसरीकडे असताना दोघांची आधीपासून ओळख असणं किती मोलाचं ठरतं, हे यातून दिसतं. साथ आल्यावर करार करायला बसलं तर करार होईपर्यंत साथ ओसरलेली असते.

फ्रीझरचं महत्त्वही असंच नंतर कळतं. २०१० मध्ये हैतीत कॉलऱ्याची भीषण साथ आली. त्या जंतूच्या विषाच्या जनुकात एक ठरावीक बदल होता. नायसेडमध्ये जपून ठेवलेले जुने जंतू बाहेर काढून तपासले, तेव्हा तोच बदल २००६ सालच्या कोलकात्याच्या जंतूंतही निघाला. हे शक्य झालं कारण दरवर्षीचे जंतू तारखेनिशी, रुग्णाच्या सांकेतिक क्रमांकानिशी ठेवलेले होते. जंतू साठवायचा तर ताज्या वाढीत १५ ते २० टक्के ग्लिसरॉल मिसळून उणे ८० अंशांना, एका जंतूच्या किमान दोन कुप्या, शक्यतो दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये. त्यासोबत जनरेटर, तापमान घसरलं-चढलं की वाजणारी घंटा आणि रविवारी रात्रीही ती ऐकून धावणारा माणूस. प्रकल्पाच्या अर्जात जनुकं वाचणाऱ्या सीक्वेन्सिंग यंत्राचा खर्च ठळक असतो आणि या माणसाच्या पगाराची ओळ पुष्कळदा नसतेच. आमच्या मते अशा भागीदाऱ्यांमधली ही सर्वांत मोठी चूक आहे.

काही वेळा नमुना परदेशी पाठवावाच लागतो. त्याचे नियम किचकट वाटतात, पण तर्क सोपा आहे. रुग्णाचा बहुतेक नमुना हवाई वाहतुकीत ‘वर्ग ब’ मध्ये, यूएन ३३७३ या क्रमांकाने जातो. तीन आवरणं लागतात. आतली गळतीबंद कुपी, तिच्याभोवती सगळं द्रव शोषेल इतका शोषक थर, मग दुसरं गळतीबंद डबं आणि बाहेर मजबूत खोका. कुपी किंवा दुसरं डबं यांपैकी एकाने तरी ९५ किलोपास्कल दाबाचा फरक सोसला पाहिजे, कारण विमान उंच गेलं की बाहेरचा दाब घटतो. शिगेला डिसेंटेरी प्रकार १ ची कल्चर मात्र अधिक धोकादायक ‘वर्ग अ’ मध्ये मोडते आणि तिचे नियम, खर्च, प्रशिक्षण सगळंच वाढतं. ड्राय आइस घातला तर खोका हवाबंद करायचा नाही. बर्फाचा वायू होऊन फुगलेला खोका फुटू शकतो. बर्फाचं वजन खोक्यावर लिहिलेलं नसेल तर विमान कंपनी तो परत पाठवते. खोका कस्टम्समध्ये चार दिवस अडकला की ड्राय आइस उडून संपतो आणि उरतो तो वितळलेला, कोमट नमुना. म्हणून अनुभवी गट शुक्रवारी नमुना पाठवत नाहीत आणि शक्य असेल तिथे जंतूऐवजी त्याचा वेगळा काढलेला डीएनएच पाठवतात. तो संसर्गजन्य नसल्याने यातल्या बऱ्याच अटी गळून पडतात.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा असला तरी टाळता येत नाही. दोन्हीकडच्या एथिक्स कमिट्यांची (संशोधनात रुग्णाचं हित जपलं जातं का हे पाहणाऱ्या समित्यांची) मंजुरी लागते आणि एकीने मसुद्यात बदल सुचवला की तो दुसरीकडेही पुन्हा न्यावा लागतो. परदेशी पैसा किंवा परदेशी सहकारी असलेल्या आरोग्य संशोधनाला भारतात आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची संमती लागते, तिचं कामकाज संशोधन परिषदेमार्फत चालतं. नमुना बाहेर जाणार असेल तर साहित्य हस्तांतरणाचा वेगळा करार करावा लागतो. नमुन्याचं काय करायचं, उरलेला परत द्यायचा की नष्ट करायचा, त्यातून पेटंट निघालं तर वाटा कोणाचा, तिसऱ्या प्रयोगशाळेला तो देता येईल का, हे त्यात स्पष्ट हवं. शेवटचा मुद्दा लोक विसरतात आणि भांडणं बहुतेक त्यावरूनच होतात. रुग्णाच्या संमतीपत्रात ‘पुढील संशोधनासाठी साठवणूक’ हे त्याला समजेल अशा भाषेत आणि वेगळ्या रकान्यात विचारलेलं असावं. ते नसेल तर फ्रीझर भरलेला असूनही त्यातल्या कुप्यांना हात लावता येत नाही.

एकाहून जास्त देश एकत्र आले की आणखी एक अडचण येते. प्रत्येकाची पद्धत वेगळी असेल तर आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या जेम्स या अभ्यासात गांबिया, माली, मोझांबिक, केनिया, भारत, बांगलादेश आणि पाकिस्तान अशा सात देशांत पाच वर्षांखालच्या मुलांचे नमुने अगदी एकाच पद्धतीने घेतले गेले. भारतातलं ठिकाण कोलकाताच होतं. ९,४३९ आजारी मुलांबरोबर त्याच परिसरातल्या, त्याच वयाच्या १३,१२९ जुलाब नसलेल्या मुलांचेही नमुने घेतले. निरोगी मुलांचं शौच कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. दाट वस्तीतल्या धडधाकट मुलाच्या पोटातही दोन-तीन रोगजंतू मुक्कामाला असतात. जंतू सापडला म्हणजे जुलाब त्यानेच केले असं म्हणता येत नाही. आजारी मुलांत तो निरोगी मुलांपेक्षा किती जास्त आहे, हे पाहावं लागतं. २०१३ मध्ये आलेल्या निष्कर्षांत रोटाव्हायरस, क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी, शिगेला आणि विष तयार करणारा एक प्रकारचा ई. कोलाय हे मुख्य गुन्हेगार ठरले. मग जपलेल्या नमुन्यांपैकी काही हजार जोड्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली जंतूंचे जनुकीय अंश शोधून त्यांची मात्राही मोजणाऱ्या पीसीआर पद्धतीने पुन्हा तपासल्या. २०१६ मध्ये आलेल्या या निकालांत शिगेलाचा वाटा आधी वाटला त्याच्या जवळपास दुप्पट निघाला. नमुने तेच, वस्त्या त्याच. कल्चरमध्ये मेलेला शिगेला पीसीआरला सापडला.

भागीदारीतून औषधाच्या दुकानापर्यंत काही पोचतं का? कॉलऱ्याच्या तोंडावाटे द्यायच्या लशीचा प्रवास पाहा. मूळ तंत्र स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठाचं. १९८० च्या दशकात ते व्हिएतनामने घेतलं आणि स्वस्तात लस बनवली, पण ती जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत बसत नव्हती. सोलच्या आंतरराष्ट्रीय लस संस्थेने तिच्यात सुधारणा केली आणि २००६ मध्ये नायसेडबरोबर कोलकात्याच्या वस्त्यांत चाचणी सुरू झाली. जवळपास ६७ हजार लोकांनी दोन्ही डोस घेतले. पाच वर्षांचं संरक्षण ६५ टक्के निघालं. हैदराबादच्या शांता बायोटेकने ती बनवली आणि २०११ मध्ये जागतिक संघटनेची मान्यता मिळाली. या साखळीतल्या एकाही दुव्याला एकट्याने हे जमलं नसतं.

महाराष्ट्राचा वाटाही लहान नाही. रोटाव्हायरसच्या भारतीय लशीचा विषाणू १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये एका नवजात बाळात सापडला. त्यावर स्टॅनफर्ड विद्यापीठासह अमेरिकी संस्थांबरोबर पंचवीसेक वर्षं काम झालं आणि अंतिम चाचणीत दिल्ली, वेल्लोरबरोबर पुण्याजवळचं वढू हे तिसरं केंद्र होतं, पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन विभागाचं. ६,७९९ बाळांच्या या चाचणीत तीव्र आजाराविरुद्ध ५३.६ टक्के संरक्षण दिसलं. आकडा कमी वाटतो, पण श्रीमंत देशांत उत्तम चालणाऱ्या लशीही गरीब वस्त्यांत इतक्याच ढेपाळतात.

टायफॉइडची नवी संयुग लस सरकारी कार्यक्रमात जगात सर्वांत आधी दिली ती नवी मुंबई महापालिकेने, २०१८ च्या पावसाळ्यात, ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना. पहिल्या टप्प्यात निम्म्या भागांत मोहीम झाली आणि एक लाखाहून अधिक मुलांना लस मिळाली. उरलेले भाग नंतर घ्यायचे ठरले. त्यामुळे दोन्ही भागांतल्या टायफॉइडची तुलना करता आली. जागतिक आरोग्य संघटना, अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र सीडीसी आणि स्टॅनफर्ड विद्यापीठ हे मोजमापातले भागीदार होते. अडचण ब्लड कल्चरची होती. ते खऱ्या टायफॉइडच्या दहांपैकी जेमतेम सहा रुग्णांत जंतू दाखवतं, आणि मुलांकडून रक्त कमी मिळत असल्याने हे प्रमाण आणखी घसरतं. त्यात ताप आल्याबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानातून अँटिबायोटिक घेतलेलं असलं तर हाती काहीच लागत नाही. रक्तातली प्रतिपिंडं पाहणाऱ्या विडाल चाचणीवर विसंबून लशीचा परिणाम मोजता येत नाही, कारण तिचे चुकीचे पॉझिटिव्ह निकाल फार.

एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाला अशा कामात उतरायचं असेल तर परदेशी विद्यापीठाला पत्र लिहिण्याआधी काही गोष्टी घरच्या घरी करता येतात. एथिक्स कमिटी नोंदणीकृत असावी आणि तिच्या बैठका ठरल्या वेळी व्हाव्यात. माध्यमांची प्रत्येक नवी खेप ओळखीच्या जंतूवर तपासून मगच वापरात आणावी. बाहेरच्या प्रयोगशाळेकडून सांकेतिक क्रमांकाचे नमुने मागवून आपले निकाल पडताळून घ्यावेत. फ्रीझरची वही रोज भरावी आणि कोणत्या खणात काय आहे हे दोन माणसांना ठाऊक असावं. शोधनिबंधावर कोणाचं नाव कुठल्या क्रमाने येईल हे पहिला नमुना घेण्याआधी लेखी ठरवावं. बाटलीवर नाव-तारीख चिकटवणाऱ्या तंत्रज्ञाची बदली प्रकल्पाच्या मध्यात होणार नाही, एवढं अधिष्ठात्यांकडून लिहून घेतलं तर फारच उत्तम.